मीडिया बदलला तरी वास परत येतो: बायोफिल्टर कुठून तपासायचा

सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर किंवा एसटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) बायोफिल्टर बसतो: घाण हवा जिवाणू असलेल्या भरावातून सोडून वास काढणारी सोय. या भरावालाच मीडिया म्हणतात. पहिले काही महिने वास जवळजवळ जातो. मग मार्च उजाडला की शेजारच्या सोसायटीतून फोन सुरू होतात. ठेकेदार येऊन बघतो आणि सांगतो, ‘साहेब, मीडिया मेला.’ नवा मीडिया भरला जातो, बिल निघतं, तेवढ्यात पाऊस येतो आणि सगळं शांत होतं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तोच फोन.

या चक्रात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: दरवर्षी ठरावीक महिन्यात परत येणारा वास हा बहुतेक वेळा पाण्याचा आणि हवेच्या वाटेचा प्रश्न असतो. मीडिया बदलल्यावर बरं वाटतं, कारण नवा मीडिया ओला, मोकळा आणि सारखा पसरलेला असतो. दुखणं तसंच राहतं.

उदाहरणासाठी एकच फिल्टर धरून चालू. बेड ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १ मीटर खोल, म्हणजे २० घनमीटर मीडिया. ब्लोअर ताशी २,००० घनमीटर हवा ओढतो. हवा खालच्या पोकळीतून वर येते, वरून स्प्रिंकलर आहेत. मीडिया म्हणजे लाकडाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कंपोस्ट. आत येणारा मुख्य वायू हायड्रोजन सल्फाइड, सरासरी ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग).

वास नक्की फिल्टरचाच आहे का?

हे विचारायचं राहूनच जातं. आधी वेट वेलची (पंपाआधी सांडपाणी साठतं त्या विहिरीची) झाकणं, बार स्क्रीनची (कचरा अडवणाऱ्या जाळीची) खोली, डक्टचे (हवेच्या पाइपांचे) जोड बघा. झाकणाच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी आत ओढली जात असेल तर ठीक. स्थिर लोंबत असेल किंवा बाहेर फडफडत असेल तर घाण हवा फिल्टरपर्यंत पोहोचतच नाहीये. स्क्रीनचा कचरा काढायला उघडलेलं झाकण परत न लावणं हे याचं सगळ्यात साधं कारण. अगरबत्ती किंवा धूर लावून बघायचा मोह आवरा. वेट वेलमध्ये मिथेन असू शकतो आणि हायड्रोजन सल्फाइड स्वतःही पेट घेतो.

दुसरी जागा म्हणजे बेडखालच्या ड्रेनचा यू-ट्रॅप. त्यात पाणी उभं असतं म्हणून घाण हवा पाइपातून बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात स्प्रिंकलर कमी चालले, ट्रॅप सुकला की हवेला मीडियातून जायची गरजच उरत नाही. ती सरळ ड्रेनमधून निघून जाते. बेडवर वास नाही आणि दहा पावलांवर गटारापाशी डोकं उठतं, असं असेल तर ट्रॅपमध्ये दोन बादल्या पाणी ओतून बघा.

तक्रारींची वेळही लिहून ठेवा. फक्त हिवाळ्यात, पहाटे पाच ते आठच्या दरम्यान वास येत असेल तर फिल्टरला लगेच दोषी धरू नका. थंडीत जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वारा पडलेला असतो आणि एरवी वर उडून जाणारा तेवढाच वास घरांच्या उंचीवर रेंगाळतो. त्याच वेळी शहर जागं होतं, पंप सुरू होतात, रात्रभर राइझिंग मेनमध्ये (पंप ज्यातून पाणी ढकलतो त्या पाइपात) अडकून सडलेलं पाणी उसळून येतं आणि वायूचा झटका बसतो. सरासरी ५० पीपीएम असलेल्या जागी अशा वेळी त्याच्या तिप्पट आकडा दिसला तर नवल नाही. दुपारी अकरा वाजता जाऊन घेतलेल्या एका रीडिंगवरून यातलं काहीच कळत नाही. डेटा लॉगर असलेला, म्हणजे आकडे आपोआप नोंदवत राहणारा वायूचा मीटर किमान एक आठवडा लावून ठेवा.

एका कोपऱ्यातून की सगळीकडून?

पूर्ण तपासणीत मला सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी हीच, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. प्लास्टिकचा टब घ्या, तळाला छोटं भोक पाडा. बेडवर मनातल्या मनात मीटर-मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनावर टब पालथा घालून दोन-तीन मिनिटं थांबा आणि भोकातून मीटरची नळी आत घालून आकडा लिहा. आमच्या उदाहरणातल्या बेडवर वीस आकडे मिळतील.

सतरा ठिकाणी शून्य आणि भिंतीलगतच्या तीन ठिकाणी ३०-४० पीपीएम असं चित्र दिसलं तर मीडिया मेलेला नाही. हवेने चोरवाट शोधली आहे. मीडिया सुकला की आक्रसतो, भिंतीपासून सुटतो आणि त्या फटीतून हवा सुसाट वर येते. उरलेला बेड नुसता पडून राहतो. सगळ्या वीस ठिकाणी सारखेच ८-१० दिसले तर गोष्ट वेगळी: तिथे बोजा जास्त आहे, हवा आत पुरेसा वेळ थांबत नाही किंवा जिवाणूंनाच काहीतरी बाधलं आहे.

याला जोडून दाब बघा. डक्ट आणि बाहेरची हवा यांच्यामधला फरक मोजायला यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी पुरतं. नव्या बेडचा पहिल्या दिवसाचा आकडा भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा, कागद हरवतात. तो आकडा वाढत गेला की मीडिया बसतोय किंवा पाणी तुंबलंय, हे सगळ्यांना कळतं. आकडा कमी झाला की मात्र लोक खूश होतात, आणि तिथेच फसतात. ब्लोअर ठीक असताना दाब उतरणं म्हणजे चोरवाट मोठी होणं.

पाणी: वरून ओला, खालून कोरडा

आता मुख्य मुद्दा. जिवाणू मीडियावरच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात. वायू आधी त्या पाण्यात विरघळतो, मग जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करतात. पाणी गेलं की दोन्ही थांबलं. मीडियात वजनाच्या ४० ते ६० टक्के ओलावा लागतो.

बेडवर उभं राहून बघितलं तर स्प्रिंकलर चालू, वरचा थर चिंब, त्यावर कदाचित गवतसुद्धा उगवलेलं. पण हवा खालून येते. ती कोरडी असेल तर पहिला घोट तळाच्या मीडियातून घेते. म्हणजे बेड सुकतो तो तळापासून, जिथे आपण कधी बघत नाही. पाइपातून येणारी हवा दमट असते हे खरं, पण झाकणांच्या फटींतून ब्लोअर बाहेरची हवाही ओढतो, आणि एप्रिलमधली विदर्भ-मराठवाड्यातली बाहेरची हवा काय असते हे सांगायला नको.

हिशेबच करा. हवा ४२ अंश सेल्सिअस, आर्द्रता २० टक्के. ओल्या बेडमधून जाताना ती गार होते आणि पाण्याने पूर्ण भरते, आपल्या खिडकीतल्या कूलरसारखीच. दर घनमीटरमागे ती साधारण ९ ते १० ग्रॅम पाणी उचलते. ताशी २,००० घनमीटर म्हणजे दिवसाला ४८,००० घनमीटर, म्हणजे सुमारे साडेचारशे लिटर पाणी दररोज. रात्रीच्या गारव्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण ऑक्सिडीकरणातून निघणारी उष्णता त्यात पुन्हा भर घालते. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालणारा स्प्रिंकलर हे पाणी वरच्या थराला देतो. तळ तहानलेलाच.

तपासायचं असं: हातात रबरी मोजे घाला (मीडिया आम्लधर्मी असू शकतो), बेडच्या बाजूने किंवा तपासणीच्या झाकणातून तळाकडच्या तिसऱ्या हिश्श्यातली मूठभर सामग्री काढा आणि दाबा. बोटांतून दोन-चार थेंब आले तर योग्य. धार लागली तर जास्त ओला. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ४५ ग्रॅम उरला तर ओलावा ५५ टक्के.

उपाय वरचं पाणी वाढवण्याचा नाही. तसं केलं की वरचा थर लगदा होतो, तळ मात्र सुकाच राहतो. हवा बेडमध्ये शिरण्याआधीच तिला ओलं करायचं: डक्टमध्ये किंवा बेडच्या आधी छोट्या टाकीत बारीक तुषार सोडणारे नोझल. बेडच्या तोंडाशी आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर हवी. ज्यांच्याकडे हा ह्युमिडिफायर आहे त्यांनी आधी त्याचे नोझल काढून बघावेत. एसटीपीच्या पाण्यात ते सहा आठवड्यांतसुद्धा चोंदतात आणि पंपाचा आवाज येत राहतो म्हणून कुणाला संशय येत नाही.

एकदा पूर्ण सुकलेला कंपोस्ट पाणी झिडकारतो, हेही लक्षात ठेवा. टँकर लावून एकदम भिजवलं तर पाणी भेगांतून खाली पळून जातं. थोडं पाणी, तासभर विश्रांती, पुन्हा थोडं, असं काही दिवस करावं लागतं. भेगा फार मोठ्या असतील तर मीडिया उकरून, भिजवत, परत पसरावा. हे काम करताना ब्लोअरचा डँपर (हवा अडवणारी झडप) बंद ठेवायचा आणि बेडखालच्या पोकळीत कुणालाही उतरवायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड शंभर पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच घालवतो. ‘आता वास येत नाही’ हे तिथे सुरक्षिततेचं लक्षण नसतं.

पाणी कुठलं वापरता, हाही प्रश्न विचारा. एसटीपीवर प्रक्रिया केलेलं पाणी फुकट मिळतं आणि त्यात नायट्रोजन-फॉस्फरसही असतो, म्हणून ते उत्तमच. पण ते क्लोरीन टाकीच्या आधीच्या जागेवरून घेतलंय की नंतरच्या? बऱ्याच ठिकाणी पाइप टाकणाऱ्याला जवळ पडली म्हणून शेवटच्या टाकीतून लाइन काढलेली असते, आणि मग आपण रोज निष्ठेने जिवाणूंवर जंतुनाशक शिंपडत असतो. वीसही चौकोनांत सारखा वास आणि ओलावा मात्र ठीक, असं असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

पावसाळ्यातली उलटी तऱ्हा

उघड्या बेडवर कोकणातला किंवा घाटमाथ्याचा पाऊस पडला की तळ तुंबतो. ड्रेनची जाळी मीडियाच्या भुश्श्याने बंद होते. दाब वाढतो, हवा कमी जाते, आणि मीडियातल्या ज्या भागात प्राणवायू पोहोचत नाही तो भाग स्वतःच आंबट, कुबट वास सोडू लागतो. ड्रेन साफ करा, वर साधं पत्र्याचं छप्पर टाका, स्प्रिंकलरचा टायमर पावसाळ्यासाठी वेगळा लावा. बहुतेक जागी टायमर वर्षभर एकाच वेळेवर असतो.

आम्ल, आणि चुन्याचा चुकीचा इलाज

ड्रेनच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली आणि २ आला की घबराट होते. पण हायड्रोजन सल्फाइड खाल्ल्यावर सल्फ्युरिक आम्लच तयार होणार. ३४ ग्रॅम वायूमागे ९८ ग्रॅम आम्ल. आपल्या बेडवर ५० पीपीएम म्हणजे घनमीटरला सुमारे ७० मिलिग्रॅम, दिवसाला सव्वातीन-साडेतीन किलो वायू आणि त्यातून साडेनऊ-दहा किलो आम्ल. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्ससारखे जिवाणू पीएच १ ते ३ मध्येही मजेत जगतात. त्यामुळे नुसत्या हायड्रोजन सल्फाइडसाठी आम्लधर्मी बेड म्हणजे बिघाड असं नाही.

तरी लोक चुना टाकतात. दहा किलो आम्ल मारायला रोज दहा किलो चुनखडी लागेल. त्यातून होतं जिप्सम, दिवसाला सतरा किलोच्या घरात, आणि ते मीडियाच्या पोकळ्यांत बसतं. सहा महिन्यांनी बेड दगडासारखा घट्ट होतो आणि मग खरोखर मीडिया बदलावा लागतो. चुन्याऐवजी पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा, शक्यतो वायू कमी असेल त्या वेळी, ड्रेनचा पीएच वर सरकेपर्यंत भरपूर पाणी द्या. ते पाणी प्लँटच्या इनलेटला न्या, पावसाच्या गटारात सोडू नका. आम्लाची खरी झळ बसते ती काँक्रीट, जाळ्या आणि लोखंडी बोल्टना. पोकळीच्या भिंतींना आम्लरोधक लेप नसेल तर मीडियाच्या आधी त्याचा खर्च मंजूर करून घ्या.

ब्लोअर

इथे थोडक्यात. बेल्ट सैल, पंख्याची पाती खाल्लेली, डँपर अर्धवट: हे सगळे बघतात. एक गोष्ट सुटते. मोटर रिवाइंड होऊन आली आणि फेज उलट जोडली गेली तर सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त बरीच कमी. आवाज, कंपन, सगळं नेहमीचं. केसिंगवरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळते का ते डोळ्यांनी बघा.

रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवण्याची प्रथा असेल तर ती थांबवा. वायू नसला तरी जिवाणू काही दिवस तग धरतात, पण त्यांना प्राणवायू लागतो.

मीडिया बसून एक मीटरचा सत्तर सेंटिमीटर झाला असेल तर हवेचा आतला मुक्काम ३६ सेकंदांवरून २५ वर येतो. कंपोस्ट-लाकडाच्या बेडला ३० ते ६० सेकंद द्यावेत असा सर्वसाधारण अंदाज आहे. विक्रेते कधी कधी कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचं उदाहरण देतात, जिथे जुने रासायनिक स्क्रबर (रसायनाने हवा धुणारी यंत्रं) बदलून दोन सेकंदांच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड काढून दाखवला. ते खरं आहे, पण ते बायोट्रिकलिंग फिल्टर आहेत: आत फोम, त्यावरून सतत वाहणारं पाणी. आपल्या सोडणाच्या बेडला तो नियम लावून ब्लोअर मोठा करू नका.

मीटर शून्य दाखवतो, तरी तक्रार आहे

शेजारी खोटं बोलत नसतात. हाती धरायच्या साध्या मीटरला ०.१ किंवा १ पीपीएमच्या खालचं दिसत नाही. माणसाचं नाक हायड्रोजन सल्फाइड त्याच्या कितीतरी पट खाली, पीपीएमच्या हजारव्या भागांत ओळखतं. शिवाय सांडपाण्यातून मिथाइल मरकॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड असे वायूही येतात. सडक्या अंड्याचा वास गेला आणि कुजलेल्या कोबीचा किंवा लसणाचा राहिला, अशी तक्रार असेल तर तेच. यांना खाणारे जिवाणू जास्त आम्ल सहन करत नाहीत. म्हणून पीएच २ चा बेड हायड्रोजन सल्फाइड पूर्ण संपवतो आणि मरकॅप्टन तसाच सोडून देतो. अशा जागी एकाच बेडकडून दोन्ही कामांची अपेक्षा सोडावी. पहिला टप्पा आम्लधर्मी, दुसरा साधारण ६ ते ८ पीएचचा, किंवा शेवटी छोटा कार्बन फिल्टर.

‘मर्यादेत आहे’ असं उत्तर नागरिकांना देऊ नका. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांमध्ये बारा प्रदूषक आहेत, त्यात अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. या मानकांत दाखवायला मर्यादाच नाही. तक्रारवहीत वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचा प्रकार लिहून घेतला तर त्याचा उपयोग मीटरपेक्षा जास्त होतो.

बाटलीतले जिवाणू

दर आठवड्याला ‘कल्चर’ टाकायची योजना कुणी आणली तर आधी विचारा, आधीचे का मेले? सांडपाण्याच्या जागी या जिवाणूंची वाण नाही. रिचर्ड पोमेरॉय यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तिच्यात सांडपाण्याचा वायू मातीच्या थरातून सोडला जायचा, जिवाणू मातीतलेच. बेडला सुरुवात द्यायची असेल तर एरेशन टाकीत (सांडपाण्यात हवा सोडतात ती) परत पाठवला जाणारा, जिवाणूंनी भरलेला गाळ पातळ करून शिंपडा. पैसे वाचवून ते ह्युमिडिफायरच्या नोझलवर घाला.

मीडिया खरंच संपला असेल तर

ओलावा ठीक, हवा ठीक, पाणी क्लोरीनविना, तरी दाब चढाच आणि मूठभर मीडिया बोटांत पेस्टसारखा लागतोय, तर तो संपला. सेंद्रिय मीडिया साधारण दोन ते पाच वर्षं टिकतो. उसाची चिपाडं स्वस्त म्हणून भरली असतील तर त्याहून फार लवकर बसतो. नवा मीडिया भरताना भुसा चाळून काढा, २५ ते ५० मिलिमीटरचे तुकडे जास्त ठेवा, आणि शक्य असेल तर बेडचा अर्धा भाग आधी, उरलेला महिन्याभराने बदला. काढलेल्यातला बरा, न कुजलेला भाग दहा टक्क्यांच्या आसपास नव्यात मिसळा.

पहिले काही दिवस निकाल उत्तम येतील, कारण ओला ताजा मीडिया वायू नुसता शोषून घेतो. मग एक-दोन आठवड्यांनी आकडा बिघडेल. जिवाणू अजून वाढत असतात. या काळात पीएच, ओलावा आणि वीस चौकोनांचे आकडे रोज लिहा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि ठेकेदाराचं अंतिम बिल सहाव्या आठवड्याच्या रीडिंगआधी पास करू नका. निविदेतच ‘मे महिन्यात, दुपारी, तळाच्या थराचा ओलावा’ अशी चाचणी लिहून घेतली तर आणखी बरं.